माहेराहून परत आल्यावर सगळं बधिर वाटतंय? बाळंतिणीने काय करायचं, घरच्यांनी काय करायचं

जिचं बाळ दीड महिन्याचं, तीन महिन्यांचं, आठ महिन्यांचं आहे आणि जिला दुपारी चारच्या सुमारास काही कारण नसताना रडू फुटतं, किंवा रडूपण येत नाही, नुसतं आतून बधिर झाल्यासारखं वाटतं, आणि कुणी "कशी आहेस गं" विचारलं की तोंडातून आपोआप "मजेत" निघतं, तिच्यासाठी हे लिहितेय. तिच्या नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूबाईंसाठी पण, कारण यातली निम्मी कामं तिने करायचीच नाहीयेत, ती तुम्ही करायचीयेत. मी डॉक्टर नाही. या सगळ्यातून गेलेय, उपचार घेतलेत, नंतर बहिणीच्या बाळंतपणात नीट लक्ष घातलंय, त्यातून जे हाताशी आलं ते सांगते.

माझं असं झालं. सांगलीला माहेरी डिलिव्हरी, सिझर. सव्वा महिना आईने जमिनीवर पाय ठेवू दिला नाही म्हटलं तरी चालेल, पहाटे अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू, शेक, धुरी, बाळंतशेपा, आणि मालिशवाल्या मावशी रोज सकाळी आठला, त्यांच्या तोंडून अख्ख्या गल्लीच्या बातम्या. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर पुण्याला फ्लॅटवर आले. नवरा साडेआठला जायचा तो रात्री आठला यायचा. त्या सोसायटीत दीड वर्ष राहत होते पण दोघांची नोकरी, त्यामुळे ओळख अशी कुणाशीच नव्हती. सकाळी कचरा घ्यायला एक ताई यायच्या. मी त्यांची वाट बघायचे, बेल वाजायच्या आधीच डबा हातात घेऊन दाराशी उभी असायचे. त्या म्हणायच्या "झोपलं का बाळ", मी म्हणायचे "आत्ताच झोपलं", दार बंद. मग रात्री आठपर्यंत मोठ्या माणसाशी बोलणं नाही. आईचा फोन रोज यायचा, पहिला प्रश्न दूध पुरतंय का, दुसरा बाळाने शी केली का, तिसरा तू काय खाल्लंस. तिन्हींची उत्तरं मी बरोबर द्यायचे.

आपली बाळंतपणाची पद्धत वाईट नाही, अंगाला तिच्याइतकं कुणी जपत नाही. पण ती एका दिवसात संपते. ज्या दिवशी बाळाला घेऊन गाडीत बसतो त्या दिवशी आई, मालिश, गरम पाणी, आयतं ताट आणि दिवसभर बोलायला माणसं हे सगळं एकदम सुटतं, आणि लोक म्हणतात आता झालं ना बाळंतपण. खरं एकटेपण तिथून सुरू होतं. आणि एकत्र घरात परत गेलेल्यांचंही वेगळं नसतं हां, दहा माणसं असतात पण दहाच्या दहा बाळाकडे बघत असतात.

आधी हे कशाने ओळखायचं

डिलिव्हरीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, एकदम हळवं होणं, हे बहुतेक जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला उपचार लागत नाहीत, झोप आणि माया लागते. दोन आठवडे उलटूनही तसंच आहे, किंवा मधे बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नव्याने सुरू झालंय, तर ते वेगळं, ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं. डिप्रेशन पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं, त्यामुळे "आता बाळ सहा महिन्यांचं झालं, आता कसलं बाळंतपणाचं" असं म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे बायका "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत. म्हणतात डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही, अंगात त्राणच नाही, कशात मन लागत नाही. मला तर भाजी चिरायला घेतली की पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही, पाच मिनिटं नुसती वांग्याकडे बघत उभी. सगळ्यात पक्की खूण मला विचाराल तर ही: बाळ शांत झोपलंय, घरात कुणी नाही, डोळे चुरचुरतायत आणि तरी झोप येत नाही. बाळाने उठवल्यामुळे झोप न मिळणं हे प्रत्येकीचं आहे, पण संधी असून झोप न लागणं ही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे. आणि "बाळाबद्दल काही वाटतच नाहीये, नुसतं काम केल्यासारखं करतेय", हेही. हे कुणी कबूल करत नाही कारण लाज वाटते. मलाही वाटली. उपचारांनंतर ते हळूहळू आलं, भरभरून आलं.

अजून एक, ज्यावर कुणीच बोलत नाही. बाळाला घेऊन गॅलरीत उभं असताना एकदम मनात येतं, हातातून सुटलं तर. किंवा सुरी दिसली की नको ते चित्र डोळ्यांसमोर येतं. असे विचार खूप आयांना येतात, ज्यांना डिप्रेशन नाही त्यांनाही येतात, आणि ते आल्यावर आपण दचकतो, घाबरतो, बाळाला आत नेतो. तसा विचार आला म्हणून तुम्ही तसं करणार आहात असा त्याचा अर्थ होत नाही. पण डॉक्टरला सांगा, वारंवार येत असतील तर नक्कीच, ते ऐकून दचकत नाहीत.

हे किती जणींना होतं? मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या हॉस्पिटलमधल्या आयांचा अभ्यास केला होता, २००२ साली तो छापून आला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं. २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हाही २२ टक्क्यांच्या आसपासच आलं. म्हणजे पाचात एक. तुमच्या वॉर्डात पाच बाळंतिणी होत्या ना? त्यातली एक. गोव्याच्या अभ्यासात अजून दोन गोष्टी होत्या त्या मला कायम आठवतात. एक, ज्यांना नंतर त्रास झाला त्यातल्या बहुतेकींची मनाची ओढाताण गरोदरपणातच सुरू झालेली होती, आणि दुसरी, पैशाची चणचण, नवऱ्याशी धड नसणं आणि घरात मुलगा हवा असताना मुलगी होणं यांचा त्याच्याशी थेट संबंध दिसला होता. "पेढे की बर्फी" असं हसत विचारणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. "पहिली बेटी धनाची पेटी" हे वाक्य सांत्वनाच्या सुरात म्हटलं ना, की ते बाळंतिणीला बरोबर कळतं.

हे दिसलं तर एक तासही थांबू नका

घरच्यांनी हा भाग दोनदा वाचा. डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत, हजारात एक-दोन बायकांना, एकदम वेगळंच सुरू होतं. दोन-दोन रात्री झोपच नाही आणि तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, कुणीतरी बोलतंय असं ऐकू येणं, घरच्यांवर भलताच संशय, बाळात काहीतरी दैवी किंवा वाईट आहे असं म्हणणं, मधेच ओळख न लागणं. ही बाहेरची बाधा नाही, अंगात आलेलं नाही, देवऋषीकडे नेऊन दोन दिवस घालवू नका. हा आजार आहे, वेळेत नेलं तर त्यातून बाई पूर्ण बरी होते. तसंच "मी नसले तर बरं होईल", "मी आणि बाळ दोघं गेलो तर सुटू" असं ती म्हणाली, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली तरी, ते खरं धरायचं.

अशा वेळी तिला एकटं सोडायचं नाही, बाळ दुसऱ्या माणसाकडे द्यायचं पण तिला दिसेल असं, घरातल्या गोळ्या आणि शेतघर असेल तर फवारणीचं औषध कुलुपात, आणि १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची किंवा सरळ गाडी काढून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. ११२ पण आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी. लोक काय म्हणतील हा विचार सकाळी करा.

आता बाकीच्यांसाठी. सुरुवात झोपेपासून

मला सगळे सांगायचे योगा कर, गाणी ऐक, पॉझिटिव्ह रहा. चार महिने तुकड्या-तुकड्यांत झोपलेल्या बाईला यातलं काही लागू पडत नाही. आधी सलग झोप. चोवीस तासांत एकदा, चार ते पाच तास, मधे कुणी न उठवता.

हे कसं जमवायचं ते नीट सांगते, कारण "झोप काढ गं जरा" म्हणणारे खूप असतात आणि मग दीड तासाने "अगं भूक लागलीय बघ त्याला" म्हणत आणून देतात. रात्री नऊला तुम्ही बाळाला पाजून दुसऱ्या खोलीत जायचं, दार बंद, फोन बाहेर. नऊ ते दोन बाळ नवऱ्याचं. नवऱ्याची नाईट शिफ्ट असेल तर सासूबाईंचं किंवा आईचं, आणि त्यांना पहाटेची वेळ सोयीची असेल तर पहाटे, पण ठरलेली वेळ हवी, रोज तीच. मधलं एक दूध दिवसा काढून ठेवलेलं, फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरायचं, कोमट पाण्यात वाटी ठेवून गारपणा जाऊ द्यायचा, आणि उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजायचं. दूध काढणं जमत नसेल किंवा नको वाटत असेल तर बाळाला आणून तुमच्या कुशीत द्यायचं, आडवं राहूनच पाजायचं, आणि ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं हे सगळं त्यांनी बाहेर नेऊन करायचं. तुम्ही उठून बसायचं नाही, लाईट लावायचा नाही.

नवरे म्हणतात मला सकाळी ऑफिस आहे. तिलाही सकाळी काम आहे, आणि त्या कामात एक जीव हातात आहे.

अशी सोय करून चार-पाच रात्री झाल्या आणि अंथरुणात पडून नुसतं छताकडे बघतेय असं असेल, तर मग हे झोप कमी पडल्याने होत नाहीये, डॉक्टरकडे जायची वेळ झाली.

एका माणसाला खरं सांगायचं

एकालाच. सगळ्यांना नाही. आणि सांगताना "कंटाळा आलाय", "थकलेय" हे शब्द वापरू नका, त्यावर लोक "होतंच गं तसं" म्हणून मोकळे होतात. हे वाक्य जसंच्या तसं वापरा: "मला बरं नाहीये. अंगाने नाही, मनाने. दोन आठवड्यांच्या वर झालंय, आपोआप जात नाहीये. मला डॉक्टरकडे घेऊन चल." बोलताना रडू येऊन वाक्य अर्धवट राहत असेल तर व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा, नवरा बाजूच्या खोलीत असला तरी पाठवा. मी तसंच केलं. किचनच्या ओट्यापाशी उभं राहून पाठवलं आणि तो हॉलमधून उठून आला, काही बोलला नाही, गॅस बंद केला आणि आधी बाळाला घेतलं.

प्रत्येकीचा नवरा असा उठून येत नाही हे मला माहितीय. तो "आमच्या आईने चार काढली" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नका, दुसरं माणूस धरा. नणंद, जाऊ, मोठी बहीण, मामी, शेजारच्या काकू. बऱ्याचदा जिने गेल्या तीन-चार वर्षांत बाळंतपण काढलंय ती पटकन समजते. आणि सासूबाईंना आधीच खलनायिका ठरवू नका. एका मैत्रिणीने खूप घाबरत सांगितलं तर त्या म्हणाल्या, मला पण धाकट्याच्या वेळी असंच झालं होतं, विहिरीकडे बघवत नव्हतं, कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं त्यांनी.

कुणीच नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. बाळाला मांडीवर घेऊन बोललात तरी चालतं.

डॉक्टरकडे: डोसचा दिवस वापरा

बाळंतीण सव्वा महिन्यानंतर स्वतःसाठी दवाखान्यात जातच नाही. टाके बघून झाले की संपलं. पण बाळाचा डोस कुठलंच घर चुकवत नाही, दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा, सगळे वेळच्या वेळी, आजोबा कॅलेंडरवर गोल करून ठेवतात. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत जो डॉक्टर तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो बाळाचा डॉक्टर. त्यालाच सांगा. इंजेक्शन देऊन झालं, बाळ रडून थांबलं, की म्हणायचं "डॉक्टर, मला स्वतःबद्दल एक विचारायचंय". ते तुम्हाला पुढे पाठवतील, आणि मुख्य म्हणजे ते घरच्यांच्या समोर म्हणाले की घरच्यांना पटतं. माझ्या बाबतीत साडेतीन महिन्यांच्या डोसला त्यांनीच विचारलं, "आणि आई कशी आहे?" तोवर इतक्या लोकांनी मला भेटून बाळाचं वजन विचारलं होतं, मला त्या प्रश्नाचं उत्तरच येईना.

गावाकडे आशाताई. बाळाला बघायला त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या दिवशी त्यांना चहा द्यायच्या निमित्ताने बाजूला घेऊन बोला. पुढे तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी पण भेटी असतात. अडचण अशी होते की सुरुवातीच्या भेटी माहेरच्या आशाताईंच्या झालेल्या असतात आणि सासरच्या आशाताईंना तुम्ही परत आलाय हेच माहीत नसतं. आल्या आल्या निरोप पाठवा.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या, तिथे गेल्यावर सुचत नाही: कधीपासून, झोप किती, जेवण किती, आणि सगळ्यात वाईट विचार कुठला येतो. शेवटचं बोलता आलं नाही तर कागद पुढे करा. डॉक्टर कदाचित दहा प्रश्नांची एक प्रश्नावली विचारतील, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात असतं. त्यात बरं दिसायचा प्रयत्न करू नका, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, तो तर अजिबात टाळू नका. रक्त तपासायला सांगितलं तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड दोन्ही करा, कारण बाळंतपणानंतर काही जणींचं थायरॉईड बिघडतं आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात.

खाजगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत नसतील तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून जायचं. सरकारी मेडिकल कॉलेजातही असते. कुठल्या वारी असते ते आधी फोन करून विचारा म्हणजे बाळाला घेऊन हेलपाटा होत नाही.

गोळ्यांबद्दल. प्रत्येकीला लागतातच असं नाही, त्रास थोडा असेल तर नुसत्या समुपदेशनाने, म्हणजे ठरावीक दिवशी जाऊन बोलण्याने, बरं वाटतं. लागल्याच तर अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, सर्ट्रालीन त्यातली नेहमी दिली जाणारी, तिचं दुधात उतरणारं प्रमाण फार कमी असतं. म्हणून डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी अंगावर पाजते. आणि मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नका, कमी करत करत बंद करायच्या असतात. "सवय लागेल" ही भीती झोपेच्या गोळ्यांवरून आलेली आहे, या गोळ्या तशा नाहीत.

आणि सगळ्यात मोठी भीती, जिच्यामुळे मी पण दीड महिना गप्प बसले: मला वेडी ठरवतील, बाळ काढून घेतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आईला उपचारासाठी दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करायचा वेगळा विभागच आहे. आणि बहुतेकींना दाखल व्हावंच लागत नाही, घरी राहूनच सगळं होतं.

एकटेपणाचं काय करायचं

औषधाने माझी झोप आणि भूक परत आली. पण दुपारचे चार औषधाने भरले नाहीत. त्याला माणूस लागतं, आणि ते आपोआप येत नाही, शोधावं लागतं.

मी असं केलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोरीवर इवलीशी झबली, टोपडी आणि दुपटी दिसायची. रोज तेवढीच, रोज त्याच वेळी. म्हणजे त्या घरात पण कुणीतरी आहे. आठ दिवस बघत राहिले, मग एक दिवस बाळाला घेऊन वॉचमन काकांना विचारून गेले आणि बेल वाजवली. दार उघडलं ती केस न विंचरलेली, खांद्यावर ओकीचा डाग, अगदी माझ्यासारखी. मी म्हटलं "समोर राहते, तुमची झबली दिसतात रोज." ती हसली आणि मग दोन मिनिटांत तिच्याच डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला दोघी खाली, पार्किंगमधल्या कट्ट्यावर. फार काही बोलायचो असं नाही. कुणाच्या बाळाला कुठलं तेल, कुणाचं रात्री किती वेळा, बस्स.

तर तुम्ही पण दोऱ्या बघा. डोसच्या रांगेत शेजारी बसलेलीचा नंबर घ्या. गावात अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो, तिथे थोडं जास्त वेळ थांबा. आणि "भेटू या कधीतरी" असं ठरवू नका, वार आणि वेळ ठरवा, बाळ झोपलेलं असलं तरी उचलून न्यायचं. दिवसातून एकदा उंबऱ्याबाहेर पडायचं, दहा मिनिटं, उन्हं उतरल्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला का होईना. गाऊन बदलून. तेवढं जमलं नाही त्या दिवशी स्वतःला बोलायचं नाही, उद्या जायचं.

आईचा फोन असेल तेव्हा व्हिडिओ लावून मोबाईल डब्याला टेकवून ठेवा आणि दोघी आपापलं काम करा, ती तिकडे शेंगा सोलतेय, तुम्ही इकडे कपडे घड्या घालताय. प्रश्नोत्तरांच्या फोनपेक्षा हा फोन कितीतरी बरा वाटतो.

परदेशात असाल तर आई व्हिसा संपला की परत जाते आणि त्या दिवशी तिकडची तीच गोष्ट होते, शिवाय बाहेर बर्फ. अमेरिकेत आयांसाठी खास हेल्पलाईन आहे, १-८३३-८५२-६२६२, चोवीस तास आणि फुकट. आणि महाराष्ट्र मंडळात गणपतीची वाट न बघता आधीच कुणाला तरी कळवा की घरी लहान बाळ आहे, मी एकटी आहे.

घरच्यांसाठी

दूध. आधी यावरचं बोलणं बंद करा. "दूध पुरत नाही वाटतं", "रडू नको, दूध आटेल" हे बाळंतिणीला दिवसातून चार वेळा ऐकवलं जातं आणि त्याने तिचं रडू थांबत नाही, ती लपून रडते. बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करतंय आणि वजन नीट वाढतंय तर दूध पुरतंय. नसेल पुरत तर डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्या, त्यात आईपण कमी होत नाही.

तिला विचारा, पण बाळ दुसऱ्याच्या हातात असताना विचारा, आणि असं विचारा ज्याचं उत्तर "मजेत" देता येत नाही. "काल रात्री किती झोपलीस?" "आज कितीला जेवलीस?" "मी आलेय, दोन तास आहे, तू झोपतेस की आंघोळ करतेस?" मदत हवी का विचारू नका, भांडी घासायला घ्या. बघायला येणाऱ्यांनी बाळ मांडीवर घेऊन बसायचं आणि तिने त्यांच्यासाठी पोहे करायचे, हे आपण सगळ्यांनी आयुष्यभर केलंय, आता बंद करू या. जाताना डबा न्या. तिच्यासाठी.

नवऱ्यांनो, पहिलं वर्ष तुमचंही अवघड असतं, काही बापांना पण डिप्रेशन येतं, तुम्हीही तोच १४४१६ नंबर लावू शकता.

नोकरीवर परत जायची तारीख जवळ आली की काहींना पुन्हा धडकी भरते. पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, ते एचआरला लेखी विचारा. उलट काहींना कामावर गेल्यावरच बरं वाटतं. त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही.

पुढच्या वेळी

एकदा झालं असेल तर दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा व्हायची शक्यता वाढते, त्यामुळे नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणातच सारखं रडू यायचं, तेव्हा आम्ही आधीच बसून ठरवलं की माहेराहून सासरी जाणं एका दिवसात करायचं नाही. आई तिच्याबरोबर कोल्हापूरला गेली, पंधरा दिवस राहिली. मालिशवाल्या बाई आईने जायच्या आधी तिथे शोधून दिल्या, त्या अजून महिनाभर आल्या. फ्रीजवर एक कागद चिकटवला, सोमवारी नणंद, बुधवारी शेजारच्या काकू, शुक्रवारी मी फोनवर, रविवारी रात्रीची शिफ्ट भाओजींची. खाली डॉक्टरांचा नंबर आणि १४४१६. बुधवारच्या काकू पहिल्या आठवड्यात आल्याच नाहीत, मग भाओजींनी स्वतः जाऊन त्यांना बाळ बघायला बोलवलं, तेव्हापासून त्या मंगळवारी पण यायला लागल्या.